घोटे कुणी धरायचे

मुकुंदवाडीच्या मैदानावर संध्याकाळी पोरी जमल्या की भामाबाई त्यांच्याकडे चक्क पाठ करून बसायच्या. उजवा पाय समोर लांब पसरलेला, कारण तो पुरता दुमडतच नव्हता. मागं पोरी एकेक करून लाकडी खोक्यावर चढायच्या आणि खाली उडी मारायच्या. भामाबाई बघत नसत, ऐकत असत. धप्प असा आवाज आला की मान न वळवता ओरडायच्या, "कोन गं ती? पोतं पडलं का पोरगी उतरली? चढ परत!" आवाज आलाच नाही तर गप्प राहायच्या. त्यांच्याकडून कौतुक मिळायचं ते एवढंच.

रस्त्यानं जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. खो-खो म्हणजे पळणं, हुलकावणी देणं, खुंटाला हात लावून गर्रकन वळणं. आणि ही बाई आठवड्यातले तीन दिवस पोरींना पळूच देत नाही, नुसतं खाली उतरायला शिकवते. डोकं थोडं फिरलेलं होतंच म्हणा. पण ते कुठं फिरलं, ते आधी सांगायला हवं.

भामाबाई मूळच्या बिडकीनजवळच्या एका खेड्यातल्या, बौद्धवाड्यातल्या. बाप लहानपणीच गेला. आई बानाबाईनं दुसऱ्यांच्या रानात राबून पोरीला औरंगाबादला वसतिगृहात ठेवलं, कॉलेजात घातलं. तिथं भामा खो-खो खेळायला लागली आणि दोन वर्षांत असं नाव झालं की सामना असला की दुसऱ्या कॉलेजची पोरंही बघायला यायची. १९७७ साली अंतिम सामन्यात ती खुंटाजवळ वळली. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय आडवा घातला नाही. पाऊल मातीत रुतून राहिलं, अंग वळलं, आणि गुडघ्याच्या आत काहीतरी कट् झालं, वाळकी तुराटी मोडावी तसं. गावाकडं नेलं. हाड बसवणाऱ्यानं पाय ओढला, हळद बांधली. महिन्यात सूज उतरली आणि सगळे म्हणाले, झालं बरं. भामा सरळ चालायची, पण वळायला गेली की गुडघा निसटायचा आणि ती खाली. शेवटी शहरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पाय हातात धरून हलवून पाहिला आणि सांगितलं, आतली दोरी तुटली आहे, हा गुडघा आता चालायच्या कामाचा आहे, वळायच्या नाही.

पुढच्याच वर्षी, जुलैच्या शेवटी, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव आग लागली. त्यांच्याही वाड्यावर लोक चालून आले ते भरदुपारी. सगळे ज्वारीच्या रानातून पळत सुटले. भामाही पळाली. बांधापाशी वळली आणि पडली. पुढं गेलेली बानाबाई मागं फिरली, एकोणीस वर्षांच्या पोरीला तिनं पाठीवर घेतलं आणि दोन शेतं आणि एक ओढा पार केला. भामाला त्यातलं एकच आठवायचं, आईच्या पाठीला कान लागलेला आणि आतून येणारी घरघर. दोघी वाचल्या. पण बानाबाईची कंबर त्या दिवसानंतर सरळ झाली नाही. मरेपर्यंत ती बाई जमिनीकडं बघत चालली. "माझ्या गुडघ्यानं माझ्या आईची पाठ खाल्ली," असं भामाबाई कुणी न विचारताही सांगायच्या.

म्हणून त्यांना पदकाचं फारसं कौतुक नव्हतं. पोरीला पळता आलं पाहिजे आणि वळता आलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. ती वेळ कधी येईल, ते कुणी सांगून येत नाही.

चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कंपनीत त्या लागल्या. इंजेक्शनच्या बाटल्या दिव्यासमोर धरायच्या, उलट्या करायच्या आणि आत केसाएवढा कण दिसला तरी बाटली बाजूला काढायची, हे काम. दिवसभर खोट शोधणारं माणूस घरी येऊन ती सवय काढून ठेवत नाही. नवरा कडुबा वाळूजला सुट्या भागांच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, "आमच्या कालवणातलं मीठ बी ही दिव्यासमोर धरून बघती." शिफ्ट तीनला सुटायची. चौऱ्याऐंशी साली वस्तीतल्या पोरी मागं लागल्या म्हणून त्यांनी एका शाळेमागच्या मैदानावर दोन खुंट रोवले आणि खो-खो सुरू केला.

पहिल्या सहा वर्षांत सात पोरींचे गुडघे गेले. सातही वेळा तेच. कुणी हात लावला नाही, कुणी पाडलं नाही. पोरगी थांबली, वळली किंवा उडी मारून उतरली, आणि किंचाळून खाली. शेजारी पोरं खेळायची, त्यांची बोटं मोडायची, डोकी फुटायची, पण असे गुडघे क्वचित जायचे. लोकांकडं उत्तरं तयार होती. पोरींची हाडं नाजूक. शहाण्या झाल्यावर पळू नये. नजर लागली. भामाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सात पोरींचे सात गुडघे आणि हे नजरेच्या गोष्टी करतात!

मग त्यांनी एक महिना दुसरं काही केलं नाही. बाटलीतला कण बघावा तसे पोरींचे नुसते गुडघे बघितले. तेव्हा दिसलं, पोरगी खाली उतरते तेव्हा पाय काठीसारखे ताठ असतात आणि दोन्ही गुडघे आत येऊन एकमेकांना भेटतात. पोरांचे तसे होत नव्हते. आणि एका दुपारी शेजारीण आपल्या सहा वर्षांच्या लेकीच्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "गुडघे मिटवून बस की गं!" भामाबाई चूल सोडून दारात आल्या. हे वाक्य त्यांनी बानाबाईच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. प्रत्येक पोरीनं ऐकलेलं असतं. बसताना मिटव, झोपताना मिटव, झोक्यावर मिटव. पोरीच्या देहात आपणच हे पहिल्यापासून ठोकून बसवतो आणि मग मैदानावर सोडतो. हेच एक कारण असेल असं नाही. पण त्या दिवसापासून मैदानावर नवा कायदा आला. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे वाकलेले, गुडघ्याचं तोंड पावलाच्या बोटांकडं, आणि उतरताना आवाज नको. पोरी रस्त्यावरच्या लोकांसमोर असं फाकून बसतात म्हणून आया भांडायला आल्या. भामाबाईंनी साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, आपला वाकडा झालेला पाय दाखवला आणि विचारलं, "असा पायजे का लेकीचा?" आया परत गेल्या.

उरलेलं शिकवलं फकिरा पैलवानानं. हा कंपनीच्या गेटवरचा म्हातारा वॉचमन, तरुणपणी मोठमोठ्या फडांत कुस्त्या मारलेला. एकदा मैदानावर आला, पोरी बघितल्या आणि म्हणाला, "बाई, पोरींच्या मांडीचा पुढचा बैल लई जोरात हाय, मागचा उपाशी मरायलाय. थांबताना समदा भार पुढच्यावरच येतो. मागच्याला खाऊ घाल." त्यानं एक व्यायाम दाखवला. पोरीनं गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीनं मागं बसून तिचे दोन्ही घोटे जमिनीला घट्ट दाबून धरायचे, आणि पोरीनं सरळ अंगानं हळूहळू पुढं झुकायचं, पडू न देता, जितकं पेलेल तितकं. मग जोड्या बदलायच्या. पहिल्या दिवशी पोरी तोंडावर आपटल्या, दुसऱ्या दिवशी त्यांना जिना चढवेना. दोन महिन्यांत मागचा बैल खायला लागला.

त्यानंतर अडीच वर्षं एकही गुडघा गेला नाही. भामाबाई हे कुणाला बोलून दाखवत नव्हत्या, पण मनातल्या मनात रोज म्हणायच्या.

त्र्याण्णव सालच्या थंडीत त्यांच्याकडं दोन पोरी अशा होत्या की मैदानानं कधी पाहिल्या नव्हत्या. एक आम्रपाली, सगळ्यांची आमू. बाप नाही. आई राजाबाई वाळूजला नव्या कंपन्यांची बांधकामं चालू होती तिथं सिमेंटची घमेली वाहायची. दुसरी पुतळा, धनगराची. तिचा बाप सोनाजी दौलताबादेकडून मेंढरं घेऊन आलेला आणि चिकलठाण्याच्या कडेला राहिलेला. माळरान एकेक कंपनी गिळत चालली होती आणि सोनाजीची मेंढरं दर वर्षी कमी होत होती. आमू सतरा वर्षांची, पुतळा अठराची. एक खो द्यायची तो दुसरीच्या पाठीवर पडायच्या आत दुसरी उठलेली असायची. व्यायामालाही जोडी त्यांचीच.

जानेवारीच्या तेवीस तारखेला मुंबईची एक मोठी सरकारी कंपनी आपल्या महिला संघासाठी पोरी निवडायला औरंगाबादेत येणार होती. निवड झाली की नोकरी, राहायला जागा. राजाबाईचा ऊर वर्षभर सिमेंटनं भरत होता, खोकल्यानं तिला बोलता येत नसे. "मी लागले की आईनं घमेलं डोक्यावरून उतरवायचं, मग परत उचलायचं नाय," असं आमू म्हणायची. इतकं साधं, इतकं मोठं.

आणि तेव्हाच नामांतराचा प्रश्न पुन्हा उकळायला लागला. सोळा वर्षं लटकलेलं नाव आता लागणार, अशी बातमी होती. क्रांती चौकात एक दिवस ह्यांचा मोर्चा, दुसऱ्या दिवशी त्यांचा. कंपनीच्या कँटीनमध्ये डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडायला लागले. शहरात जो तो एकमेकाच्या हातांकडं आणि पायांकडं बघत होता.

अशात सोनाजी एक दिवस मैदानावर आला. व्यायामाची वेळ होती. आमू गुडघ्यांवर, पुढं झुकलेली. मागं पुतळा मान खाली घालून तिचे घोटे दोन्ही हातांनी धरून बसलेली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, पुतळानं आमूच्या पायावर डोकं ठेवलंय. सोनाजी काठी टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"बाई," तो म्हणाला, "पोरगी खेळायला धाडली व्हती. पाया पडायला नाय."

"पाया पडत नाय ती. व्यायाम हाय हा. आता आमू तिचे धरील, बगा तुमी."

"तिनं धरावं की. आमची पोरगी नाय धरनार. मला भावकीत तोंड दाखवायचंय."

माणूस वाईट नव्हता. आजवर भामाबाईंच्या हातचा चहा घोट घोट मजेत प्यायलेला होता. पण 'तिनं धरावं की' हे शब्द भामाबाईंच्या काळजात रुतले, आणि दुसऱ्या दिवशी ते वस्तीतही पोचले. संध्याकाळी दारात सात-आठ तरुण उभे, आणि त्यांच्यात कडुबाही.

"आमूनं त्यांच्या पोरीचे पाय धरायचे?" एक जण म्हणाला. "सोळा वर्षं आपन लाठ्या कशासाठी खाल्ल्या, बाई? कुनाचे पाय धरायचे नाय म्हणूनच ना?"

भामाबाईंनी कडुबाकडं बघितलं. तो म्हणाला, "खरंच हाय की ते."

खरंच होतं. त्याच मोर्च्यांत त्या आपला ताठ पाय ओढत चालल्या होत्या. सोनाजीचं म्हणणं आणि ह्या पोरांचं म्हणणं एकच नाही, हेही त्यांना कळत होतं. एक जण वर राहायला बघत होता, दुसरे खाली जायला नकार देत होते. पण गुडघ्याला त्यातलं काही कळत नाही. गुडघ्याला मागचा बैल पाहिजे असतो, बस्स. हे त्या दिवशी, त्या दारात, त्यांना बोलता आलं नाही.

रात्र त्यांनी तळमळून काढली आणि सकाळी स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन उठल्या. रात्री सुचलं होतं ते त्यांनी शिफ्ट सुटल्यावर मैदानावर सांगून टाकलं. "उद्यापासून घोटे धरायचं बंद. घरी करायचं. खाटंखाली पाय अडकवायचे आन पुढं झुकायचं. रोज सहा-सहा वेळा, दोनदा. आन ह्या पायाच्या विषयावर मैदानात एक शब्द कुनी काढला तर त्याच पायानं घरी धाडीन."

बाराही पोरींनी माना डोलावल्या. आमूनं पण. भांडण मिटलं. सोनाजी दुसऱ्या दिवशी चहाला आला.

नंतर शाळेत पोलिसांची तुकडी उतरली आणि मैदान बंद झालं. एक दिवस बंद, दोन दिवस बंद, करता करता बारा दिवस गेले. भामाबाई शिफ्ट सुटली की फाटकापर्यंत जायच्या, हवालदाराशी हुज्जत घालायच्या आणि परत यायच्या. वाटेत पोरी भेटल्या की विचारायच्या, "करतीस का खाटंखाली?" आमू म्हणायची, "व्हय बाई." नजर बाजूला करून म्हणायची. बाटलीतला केस बघणाऱ्या बाईला ते दिसलं नाही.

चौदा जानेवारीला नामविस्ताराची घोषणा झाली. वस्तीत नीळ उधळली, म्हाताऱ्या बाया रस्त्यात बसून रडल्या. भामाबाईंना बानाबाईची वाकलेली पाठ आठवली आणि त्याही पोट भरून रडल्या. ढोलापुढं आमू नाचत होती. नाचता नाचता हातगाडीवर चढली आणि वरून तिनं उडी मारली. धप्प. गुडघे आत आलेले. ढोलाच्या दणदणाटातही भामाबाईंना तो आवाज ऐकू आला. त्या पुढं झाल्या, आणि थांबल्या. आजच्या दिवशी कशाला, राहू दे. बारा दिवस मैदान नव्हतं, येईल परत अंगात.

राहू दे. हे दोन शब्द पुढं त्यांना आयुष्यभर पुरले.

मैदान उघडलं तेव्हा हातात पाच दिवस होते. तेवीस तारखेला निवडीचा सामना झाला. पहिल्या डावात आमूनं साडेचार मिनिटं पळून दाखवलं. मुंबईहून आलेल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या माणसाच्या कानाला लागल्या. राजाबाई खाडा करून आली होती, कुंपणाच्या तारेला धरून उभी होती. दुसऱ्या डावात आमू खुंटाकडं धावली, खुंटाला हात लावला, वळली. तिच्या आसपास चार हातांवर कुणी नव्हतं.

त्या दिवशी भामाबाई पाठ करून बसलेल्या नव्हत्या. तरी त्यांना आधी ऐकू आलं आणि मग दिसलं. कट्.

सतरा वर्षांपूर्वीचा तोच आवाज. पोरगी मातीत पडून गुडघा छातीशी धरून होती आणि किंचाळत नव्हती, नुसती म्हणत होती, "काय नाय झालं बाई, काय नाय, उठते मी." उठली. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला पडली.

दवाखान्यात सांगितलं ते भामाबाईंना पाठ होतं. दोरी तुटलीय. ऑपरेशन मुंबई-पुण्याला होतं म्हणतात, पण खर्च मोठा आणि खेळ परत होईलच असं नाही. भामाबाईंनी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, "मागच्या मांडीचा व्यायाम तिनं रोज केला व्हता. तरी कसं?" डॉक्टर तरुण होते, बरे होते. म्हणाले, "करूनही जाऊ शकतो, बाई. न करताही टिकू शकतो. कुणी छातीठोक सांगू शकत नाही." त्या उत्तरात थोडी सुटका होती. भामाबाई आठ दिवस त्या सुटकेला चिकटून राहिल्या.

नवव्या दिवशी पुतळा पेढे घेऊन आली. तिची निवड झाली होती. पेढ्याचा पुडा हातात तसाच धरून दारात रडत उभी राहिली.

"रडू नगं," भामाबाई म्हणाल्या. "दोघींनी सारखीच मेहनत केली. तिचं नशीब."

पुतळानं डोळे पुसले. मग म्हणाली, "सारखी नाय बाई. आमच्याकडं बाज हाय. मी रोज बाजंखाली पाय घालून करायची, बा वर बसायचा वजनाला. आमूकडं कुठंय बाज?"

भामाबाई म्हणाल्या, "तू मला कामून नाय सांगितलं?"

"तुमीच म्हणला व्हता ना, पायाचा विषय काढायचा नाय."

तेव्हा कुठं भामाबाईंना उमगलं. खाट! बानाबाईच्या घरात कुठं खाट होती? लग्न होईपर्यंत भामा जमिनीवर झोपलेली. कंपनीत कायम झाल्यावर कडुबानं लोखंडी पलंग आणला, आणि दहा वर्षांत ही बाई विसरून गेली की जगात अशी घरं असतात जिथं पाय अडकवायला काही नसतं. सोनाजीला बोल लावायला गेल्या, तर जमेना. वस्तीतल्या पोरांना लावावा, तर तेही जमेना. आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते हे की त्यांचे स्वतःचे दोन धडधाकट हात होते. पाय पसरून जमिनीवर बसून त्यांनी स्वतः आमूचे घोटे धरले असते तर कुणाची काय बिशाद होती बोलायची? ते मनातसुद्धा आलं नाही. का आलं नाही? पोरीचे पाय बाईनं धरायचे, हे त्यांनाही आतून कमीपणाचं वाटलं होतं का?

रविवारी दुपारी त्या आमूच्या घरी गेल्या. पत्र्याची एक खोली. वळकटी, चार भांडी, बाबासाहेबांचा फोटो, त्याला चौदा तारखेचा वाळलेला हार. आमू भिंतीला टेकून बसली होती, पायाला पट्टा. राजाबाई चहाला उठायला लागली, तिला भामाबाईंनी बसवलं.

"आमू, खरं सांग. घरी व्यायाम केलास का?"

आमूनं मान खाली घातली. उत्तर राजाबाईनंच दिलं, खोकत खोकत, कौतुकानं.

"केला की वो बाई! खाट नाय म्हणून मीच धरायचे तिचे घोटे. कामावरून आलं की आदी त्येच. पन माझं मेलीचं काय व्हायचं, धरून बसलं की डोळा लागायचा. तिच्या पायावरच डोकं टेकायचं. दोन-तीन दिस असंच झालं. ही हलायचीच नाय मला जाग येईल म्हणून, तशीच गुडघ्यावर बसून राहायची. मग एक दिस म्हनली, आई, बाईनं बंद केलंय त्ये आता, धरायची गरज नाय."

आमू भिंतीकडं बघत होती. आईशी ती खोटं बोलली नव्हती. बाईंनी बंद केलंच होतं.

भामाबाईंना वाटलं, ओरडून रडावं, आमूच्या पायावर डोकं आपटावं. पण ज्या बाईचं घमेलं आता मरेपर्यंत डोक्यावरून उतरणार नव्हतं ती समोर शांत बसली होती आणि तिच्यापुढं रडायचा हक्क त्यांना नव्हता. त्या नुसतं म्हणाल्या, "माझी चूक झाली, राजाबाई."

राजाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच दिसलं की बाई घरी आल्यात, व्यायामाचं विचारतायत, म्हणजे अजून काहीतरी करता येण्यासारखं असणार. ती लगबगीनं उठली. हंड्यातलं पाणी घेऊन तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि लेकीच्या पायाशी येऊन बसली. सिमेंटनं फुटलेल्या दोन्ही हातांनी तिनं आमूचे घोटे धरले, एक चांगल्या पायाचा, एक पट्ट्याच्या पायाचा, आणि भामाबाईंकडं मान वर करून बघितलं.

"नीट दावा बरं बाई, कसं धरायचं त्ये," ती म्हणाली. "ह्या खेपंला झोपायची नाय मी."